रेडिओवाल्या भाईंचा हात

"पहिले ऐकू द्या."

बंद पडलेल्या कम्प्युटरसमोर बसले की त्यांचं पहिलं वाक्य हे असायचं. मग ते डोक्यावरचा पंखा बंद करायला लावत. गॅसवर कुकर असेल तर तो उतरवायला लावत. घरातली माणसं जागच्या जागी गप्प झाली, की उजवा तळहात डब्यावर ठेवून डोळे मिटत आणि डाव्या हातानं बटण दाबत. आतून एक बारीक आवाज येई. कधी एक लांब आणि दोन आखूड, कधी नुसते आखूड, कधी काहीच नाही. तेवढ्यावरून ते सांगत, "रॅम सरकली," किंवा "पडद्याचं कार्ड गेलं," आणि मगच पिशवीतून पेचकस काढत. नाडी पाहणारा वैद्य तुम्ही पाहिला असेल. तसंच ते दिसायचं, फक्त वैद्याचा रुबाब त्यांच्याकडे नव्हता. अंदाज चुकला तर सगळ्यांत आधी तेच हसत.

त्यांचं नाव इथं लिहीत नाही. तसं ते गावात फारसं कोणी घेतही नसे. धामणगाव बढे इथं स्टँडजवळ त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले, टेप आले. टेप गेले, टीव्ही आले. शेवटी कम्प्युटर आले. त्यांनी सगळ्यांची पोटं उघडून पाहिली, पण लोकांच्या तोंडी ते रेडिओवाले भाईच राहिले. शिक्षण उर्दू शाळेत सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षरं ओळखत, शब्द कळत नसत. पडद्यावर काही उमटलं, की एकेक अक्षर मोठ्यानं वाचत आणि अर्थ मला विचारत.

एकदा वाचता वाचता थांबले. "एफ, ए, आय, एल. हा शब्द विचारत नाही, सर. हा मले शाळेपासून पाठ हाय."

मी गावातल्याच शाळेत मास्तर. रोहिणखेडच्या बाजूला वडिलांनी ठेवलेली चार एकर काळी जमीन. बीटी कापूस आला त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत आमच्याकडे जे चैतन्य होतं, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून पटणार नाही. बोंड फुटलं, की शेत दुरून चुना सांडल्यासारखं दिसे. कोणी मोटारसायकल घेतली, कोणी घरावर स्लॅब टाकला. मी मलकापूरला कापसाची गाडी खाली करून येताना मुलीसाठी एक जुना कम्प्युटर आणला. एका ऑफिसनं काढून टाकलेला, पिवळट पडलेला, पाठीमागं भलंमोठं कुबड असलेला. आठ दिवसांत तो बंद पडला, आणि रेडिओवाले भाई आमच्या घरात आले.

त्या पहिल्या दिवशी तीन आवाज झाले. भाईंनी डबा उघडला, रॅमची पट्टी काढली आणि माझ्या मुलीकडे हात केला. "बेटा, खोडरबर दे."

घरभर शोधूनही खोडरबर सापडेना.

"मास्तरच्या घरी खोडरबर नाही?" ते मला म्हणाले. "म्हंजे तुम्ही चुका करतच नाही, नाहीतं करून तशाच ठेवता."

शेजारून खोडरबर आणलं. त्यांनी पट्टीचे सोनेरी दात वहीतली चूक खोडावी तसे हलक्या हातानं घासले, फुंकर मारली, पट्टी खटकन बसवली. मशीन सुरू झालं. मुलीनं टाळ्या वाजवल्या, तर भाई लाजले.

एका वर्षी मशीन सुरू व्हायचं, कंपनीचं चित्र दाखवायचं आणि परत मरायचं. पुन्हा सुरू, पुन्हा तेच चित्र. भाईंनी कळफलकावरचं एक बटण टक टक टक दाबत ठेवलं. काळ्या पडद्यावर पांढरी यादी आली. त्यातला 'सेफ मोड' त्यांनी निवडला. पडदा उजळला, पण सगळं मोठं मोठं, भुंडं, रंग उडालेलं.

"हे असं काऊन दिसते?" माझ्या बायकोनं विचारलं.

"वहिनीबाई, हे पथ्याचं जेवन हाय. तेल नाही, मीठ नाही, मिरची नाही. पन यानं जीव राह्यते. आता कोन्या पदार्थानं पोट बिघडलं ते एकेक काढून पाहू."

आणि त्यांनी तसंच एकेक काढून पाहिलं. दुपारपासून दिवे लागणीपर्यंत. मुलीनं कुठून तरी आणलेला एक खेळ त्या बिघाडाचं मूळ निघाला. भाईंनी तो काढला, पण मुलीला रागावले नाहीत. "खेळ चांगला होता बेटा, मशीनले झेपला नाही," एवढंच म्हणाले.

भाव वाढेल या आशेनं आम्ही कापूस पुढच्या खोलीत भरून ठेवायचो. छातीएवढा ढीग, आणि त्याच खोलीत एका कोपऱ्यात कम्प्युटर. एकदा तो दहा मिनिटं चालायचा आणि धाडकन बंद पडायचा. भाईंनी तळहात ठेवला आणि लगेच उचलला. "ताप हाय." आतला पंखा उघडला, तर कापसाच्या तंतूंनी तो गच्च गुंडाळलेला. चिमट्यानं त्यांनी ती गादी ओढून काढली, तळहातावर वळली आणि बायकोच्या हातात दिली. "देवापाशी लावा. घरच्या कपाशीची वात हाय."

अशी ती वर्षं होती.

मग मोबाइल आले. मोबाइल बिघडला, की लोक नवा घेत. कम्प्युटर ज्यांच्याकडे होते तेही झाकून ठेवू लागले. भाईंनी मोबाइल दुरुस्ती शिकायचा प्रयत्न केला, पण त्यात आवाज ऐकण्यासारखं काही नव्हतं. "हे लेकाचे मुकेच मरतात," म्हणायचे. दुकानाचं शटर आधी दुपारनंतर उघडू लागलं, मग बाजाराच्या दिवशी, मग तिथं चपला विकणारा बसला. त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या. घरात ते आणि भाभी.

कपाशीचंही तसंच झालं. ज्या अळीचं नाव आम्ही विसरून गेलो होतो ती गुलाबी अळी परत आली. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत सडका काळा गाभा. बियाण्यातच औषध आहे असं आम्हाला सांगितलं होतं. आता आठवड्याला फवारणी. दुकानदार सांगेल ते औषध, दोन दोन औषधं एकत्र. कपाशी मात्र माजलेली, माणसाच्या डोक्यावर गेलेली. फवारणारा माणूस दोन ओळींमधल्या तासात शिरला, की नुसता पंपाचा आवाज ऐकू यायचा. तो माणूस दिसायचा नाही.

भाईंकडे आता लोक फवारणीचे बॅटरीवाले पंप घेऊन जात. मोटर, वायर, बटण, हे सगळं त्यांच्या हातातलं. पोळा होऊन गेल्यावर एका सकाळी माझा पंप बंद पडला. मी शेतात होतो. फवारणीवाला माणूस आला नव्हता आणि औषध पाण्यात कालवून झालं होतं. भाईंना निरोप पाठवला. ते सायकलवरून आले, शेताच्या धुऱ्यावर बसून पंप उघडला, दोन वायरी जोडल्या. पंप चालू झाला.

तेव्हा मी म्हणालो, "भाई, आजच्या दिवस तुम्हीच मारता का? मजुरी देतो. कालवेल औषध वाया जाईन."

त्यांनी कपाशीकडे पाहिलं. "मले जमते का ते, सर?"

"त्यात काय हाय? चालत जायचं न् दांडी हलवायची."

हे मी म्हणालो. कितीतरी वर्षं झाली, पण त्या वाक्यातला एकही शब्द मी विसरलेलो नाही.

त्यांनी खिशातला रुमाल नाकाला बांधला. मास्क नव्हता. हातमोजे नव्हते. चष्मा नव्हता. कोणाकडेच यातलं काही नसायचं, असं मी पुढं पुष्कळदा स्वतःला सांगितलं. मला शाळा होती. मी गेलो.

दुपारी शाळेत निरोप आला. भाई तासात पडलेले सापडले होते. मी पोचलो तेव्हा त्यांना निंबाखाली आणून ठेवलं होतं. तोंडातून लाळ, सगळं अंग घामानं भिजलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मला पाहून काही बोलायला गेले आणि उलटी झाली. ऑटोत घालून मोताळ्याला नेलं, तिथून बुलडाण्याला. बरेच दिवस ते तिथं होते. जीव वाचला. डोळ्यांपुढं मात्र कायमचं धुकं आलं, आणि हात थरथरू लागले.

ते दवाखान्यात असतानाच आमच्या घरी कृषी खात्याचे एक साहेब आले, चौकशीचा कागद घेऊन. माणूस सभ्य होता. बायकोनं चहा ठेवला. त्यांनी एकेक प्रश्न वाचला. शेवटी विचारलं, "मजुराला मास्क, हातमोजे, चष्मा दिला होता का?"

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. माझ्या डोक्यात त्या क्षणी भाई नव्हते. पोलीस होते, नोकरी होती, फार्मसी शिकणारी मुलगी होती.

"दिला होता," मी म्हणालो.

"मग त्यांनी वापरला नाही?"

"नाही वापरला."

साहेबांनी लिहिलं, 'मजुराच्या निष्काळजीपणामुळे.' मी खाली सही केली. बायको आत निघून गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. त्या कागदामुळे भाईंना मिळू शकणारी सरकारी मदत अडली, हे मला महिन्याभरानं कळलं. मी काही केलं नाही. एकदा मोसंबी घेऊन दवाखान्यात गेलो होतो, तेवढंच.

दिवाळीला मुलगी घरी आली. तिनं वर्षभराच्या प्रकल्पाचं लिखाण, आधीच्या सुट्ट्यांमध्ये बसून, याच म्हाताऱ्या कम्प्युटरवर टाइप केलं होतं. दुसरीकडे कुठं उतरवून ठेवलेलं नव्हतं. सुट्टी संपली, की द्यायचं होतं. आणि मशीन उठेना. पडदा काळा, त्यावर इंग्रजी एक ओळ, की चालू करण्यासाठी डिस्क सापडत नाही. मलकापूरच्या दुकानात फोन केला. तिथला म्हणाला, आणा, पण सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल. मुलगी रडायला लागली. भाईंचं नाव घरात कोणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात भाभींचा आवाज आला. भाईंच्या कोपराला धरून त्या त्यांना घेऊन आल्या होत्या. भाईंच्या खांद्यावर तीच पेचकसांची पिशवी.

"वहिनीबाई हिले बाजारात भेटल्या होत्या म्हने," ते दारातून बोलले. "मशीन उठत नाही म्हनून सांगतलं."

मी बायकोकडे पाहिलं. तिनं माझी नजर टाळली नाही.

भाई जमिनीवर बसले. "पहिले ऐकू द्या." पंखा बंद झाला. त्यांनी बटण दाबलं. एक आखूड आवाज झाला. "रॅम ठीक हाय. पडदा ठीक हाय." मग मला म्हणाले, "सर, आता तुमचे हात पायजे. मले दिसत नाही बारीक."

मी त्यांच्याशेजारी बसलो. ते सांगत गेले, मी करत गेलो. पाठीमागचे स्क्रू काढा. पातळ पट्ट्याची वायर ओढा, दुसऱ्या जागी लावा. चालू करा. काय लिहून आलं? मुलगी वाचायची. घड्याळ कितीतरी वर्षं मागचं दाखवत होतं. "सेल मेला, म्हनून तारीख भुलली. डिस्कचं नावबी भुललं का पाहा." मुलीनं आतल्या यादीत पाहिलं. डिस्कच्या जागी काहीच नव्हतं.

"डिस्क मले द्या."

मी ती वायरीसकट बाहेर काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी तिच्यावर उजवा तळहात ठेवला, डोळे मिटले. मी बटण दाबलं. भाई ऐकत राहिले. बराच वेळ. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मग त्यांनी डोळे उघडले आणि जिथं मी होतो असं त्यांना वाटलं तिकडे पाहिलं.

"सर, तुम्ही हात लावून पाहा. डिस्क फिरून राह्यली का माहाच हात कापून राह्यला, ते मले समजत नाही."

मी हात ठेवला. डिस्क गार आणि निश्चल होती. तिच्या कडेवर टेकलेली त्यांची बोटं तेवढी थरथरत होती.

"डिस्क नाही फिरत, भाई."

"बरं," ते म्हणाले.

भाभी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला.

भाई मात्र लगेच कामाला लागले. "विजेची वायर बदला. सीडी चालवायची डबी हाय ना, तिची काढून हिले लावा." मी लावली. "आता चालू करा, आन् बेटा, तू बटन दाबत राहाय. पथ्याचं जेवन."

डिस्कच्या पोटात घरघर झाली. या वेळी ती मला हात न लावताही ऐकू आली. पडद्यावर पांढरी यादी आली. सेफ मोड. भुंडा, रंग उडालेला पडदा उजळला. मुलीनं पेन ड्राइव्ह लावला. सेफ मोडमध्ये तो ओळखला जाईल का, भाईंनाही खात्री नव्हती. ओळखला गेला. हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकू लागली. मध्येच डिस्कमधून टक, टक असा आवाज येई, पट्टी थांबे, पुन्हा सरके.

त्या थांबण्यात मला राहवलं नाही. "भाई," मी म्हणालो, "त्या कागदावर मी जे..."

"सर," त्यांनी मध्येच थांबवलं. आवाज चढलेला नव्हता. "आता बोलू नका. मले ऐकू द्या."

पट्टी पूर्ण झाली. मुलीनं फाइल उघडून पाहिली. पानं होती, सगळी होती. ती भाईंच्या पायांकडे वाकली, तर त्यांनी तिचा हात धरून तिला उठवलं. "आता बंद कर. पुन्हा चालू नको करू. याच्यापुढं तिच्यात काही राह्यलं नाही." बायकोनं चहा आणला. त्यांनी बशीत ओतून घ्यायचा प्रयत्न केला. चहा सांडला. मग भाभींनी कप त्यांच्या ओठांशी धरला. मी पैसे पुढे केले, तर म्हणाले, "काम तुमच्या हातानं केलं. पैसे कायचे?"

मी ते वाक्य कसं घ्यायचं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. त्यात टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

पुढच्या हिवाळ्यात त्यांची छाती भरली आणि चार दिवसांत ते गेले. मी कब्रस्तानाच्या फाटकापाशी उभा राहिलो. आत जाण्याला कोणाची हरकत नव्हती. मीच गेलो नाही.

त्यानंतर कितीतरी महिन्यांनी मी त्या साहेबांच्या कार्यालयात गेलो. तिथं सगळी माणसं बदललेली. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवत शेवटी एकानं सांगितलं, की ते प्रकरण बंद झालं, आता काही होणार नाही. तरी मी एका कागदावर नवा जबाब लिहिला. आवकचा शिक्का मारून घेतला आणि एक प्रत घेऊन भाभींकडे गेलो.

त्या नुकत्याच कापूस वेचून आल्या होत्या. ओटीची गाठ अजून सोडली नव्हती. त्यांनी मला खाट टाकून दिली.

"काय लिहेल हाय याच्यात?" त्यांनी विचारलं. मराठी अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं.

मी वाचलं. अमुक दिवशी माझ्या शेतात माझ्या सांगण्यावरून ते फवारणीला गेले. त्यांना हे काम माहीत नव्हतं. मी त्यांना मास्क, हातमोजे, चष्मा, काहीही दिलं नव्हतं. आधीच्या जबाबात मी खोटं सांगितलं.

त्या ऐकत राहिल्या. "त्याइले मालूम होतं," मग म्हणाल्या. "दवाखान्यातच कोनी सांगतलं होतं. मी लई भांडली. मी म्हनलं, जाऊन इचारा त्या मास्तरले. तं म्हने, नोकरीवाला मानूस हाय, घाबरला असन. लेक शिकून राह्यली त्याइची."

त्यांनी ओटीतला कापूस कोपऱ्यातल्या ढिगावर सोडला. त्यातली कवडी बोंडं, अळीनं खाल्लेली, बाजूला काढायला बसल्या.

"पुन्हा एकदा वाचा," थोड्या वेळानं म्हणाल्या. "ते, काहीच दिलं नव्हतं, तेवढं."

मी वाचलं.

"हाव," त्या म्हणाल्या. "हे बराबर हाय. पन हे त्याइच्यासमोर वाचायले पायजे होतं, सर."

मी कागद पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. हात कापसात होते.